काहिलीतली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी काहील आहे. तुमच्यापैकी बहुतेकांनी गूळ खाल्ला असेल, पण काहील पाहिली नसेल. उसाचा रस आटवून ज्यात गूळ करतात ती लोखंडाची भलीमोठी पसरट कढई म्हणजे काहील. आमच्या कोल्हापूरकडे मला काईल म्हणतात. माझा घेर एवढा की सहा-सात माणसे पोटात मांडी घालून बसतील. तुम्ही म्हणाल, रसाच्या कढईत माणसे कशाला बसतील? पण बसली. एकदा तर एक मंत्री बसल्या, आणि त्याही खुर्चीवर. ती हकीकत सांगण्यासाठीच आज मी तोंड उघडले आहे. तसे माझे तोंड कायम उघडेच असते म्हणा.

माझा जन्म कोल्हापुरातल्या एका लोहाराच्या शेडमध्ये झाला. जाड पत्रे कापून, वाकवून, रिवेट ठोकून मला घडवले. आरळगावचे आकाराम मला न्यायला बैलगाडी घेऊन आले होते. मला गाडीवर पालथी घातली आणि ऊन लागते म्हणून आकाराम माझ्याखालीच सावलीला बसले. वाटेत मुरगूडच्या बाजारात लोक गाडीकडे बघून हसत होते, कारण बैल चालत होते आणि गाडीवान कुठे दिसत नव्हता.

आरळगाव वेदगंगेच्या काठावर आहे. तिथे आकारामांचे गुऱ्हाळ होते. दिवाळी सरली की चुलवाण, म्हणजे गुऱ्हाळाची मोठी चूल, पेटायचे आणि माझ्यात रस ओतला जायचा. ज्ञानू नावाचा गडी माझ्याखाली पिळलेल्या उसाच्या चिपाडांचा जाळ घालायचा. त्याची बायको धोंडुबाई चिपाडे वाळवायची. रस उकळला की भेंडीचे पाणी टाकायचे, वर आलेली मळी काढायची आणि मग रंग धरेपर्यंत आटवायचे. गूळ झाला की चार-पाच माणसे मला तिरकी करून गूळ निवायच्या वाफ्यात रिकामी करायची. अंगाला चटके बसायचे, पण मान होता. आकारामांच्या गुळाचे नाव कोल्हापूरच्या बाजारात निघायचे, तेव्हा मलाही बरे वाटायचे.

गुऱ्हाळाची एक रीत असते. गुऱ्हाळावरून कोणी रिकामे जायचे नाही. ओळखीचा असो की वाटसरू, त्याला रस द्यायचा, गरम गूळ द्यायचा. आकारामांनी त्यात आपली एक भर घातली होती. चार माणसे एकदम आली तर जो सगळ्यात लांबून आला असेल त्याला पहिला गूळ मिळे.

आकारामांची धाकटी लेक प्रियदर्शनी. एवढे लांबलचक नाव गुऱ्हाळावर कोणाला परवडणार? धोंडुबाई तिला पिऊ म्हणायची. शाळा सुटली की पिऊ दप्तरासकट माझ्या कडेला हजर. एकदा निपाणीकडचे काही वाटसरू आले होते, आणि पिऊने सगळ्यांच्या आधी हात पुढे केला. आकारामांनी तो हळूच मागे सारला.

"तू घरची हाइस, पिऊ. लांबनं आलेला आधी."

पिऊने गाल फुगवले. मग ज्ञानूने उसाचे कांडके गरम गुळात बुडवून तिच्या हातात दिले, तेव्हा कुठे स्वारी हसली. पण वाटसरूंचे खाऊन झाल्यावर, हेही खरे.

पिऊ मोठी झाली, कोल्हापूरला शिकली आणि राजकारणात शिरली. आधी पंचायत समिती, मग जिल्हा परिषद, मग आमदारकी. लोक तिला आक्का म्हणू लागले. काम करणारी बाई होती. गावोगावच्या डांबरी सडका, मुलींच्या शाळेचे वर्ग, मुरगूडकडच्या दवाखान्याची नवी खोली, हे सगळे तिने भांडून आणले. मुंबईत जाऊनही तिचा आवाज कोल्हापुरीच राहिला, त्यामुळे अधिकारी दचकून असायचे. पुढे ती राज्यमंत्री झाली. तेव्हा गावाने तिची गूळतुला केली. एका पारड्यात आक्का आणि दुसऱ्यात माझ्यात शिजलेल्या गुळाच्या ढेपा. आक्कांच्या वजनाबद्दल मी काही बोलणार नाही, पण ढेपा कमी पडल्या आणि शेजारच्या गुऱ्हाळातून उसन्या आणाव्या लागल्या.

त्या ढेपा माझ्यातल्या शेवटच्याच. ऊस कारखान्याला जाऊ लागला होता, जाळ घालायला माणूस मिळेना आणि आकाराम थकले. गुऱ्हाळ बंद पडले. आक्का प्रत्येक भाषणात "मी गुऱ्हाळाची लेक आहे" असे सांगून टाळ्या घ्यायच्या. म्हणजे भाषणात मी रोज तापत होते आणि इकडे शेडच्या मागे पालथी पडले होते. माझ्याखाली कोंबड्या अंडी घालायच्या. आक्कांचा गाड्यांचा ताफा समोरच्या सडकेने जायचा. काचा काळ्या होत्या, त्यामुळे आतून कोणी माझ्याकडे बघत होते की नाही ते मला कळले नाही.

मला पुन्हा उताणी केली ती पुराने. नदीकाठच्या गावांत पूर आला की होडी मिळत नाही, पण काहील असते. ती पाण्यावर तरंगते. दोघे-तिघे पोहणारे तिला ढकलत नेतात आणि माणसे आत बसतात. बसायचे मात्र खाली, तळाला टेकून. माझी कड बुटकी आहे. भार खाली राहिला तर मी गपगार चालते, भार उंच झाला की डुचमळते. हे नदीकाठच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते.

त्या वर्षी वेदगंगा अशी फुगली की मळ्याकडे जाणारी पाणंद कुठली आणि नदी कुठली ते कळेना. गावाच्या पलीकडचा मळा तुटून बेटासारखा झाला. बहुतेक माणसे माझ्या पोटात बसून गावात आली. ज्ञानू आणि धोंडुबाई म्हशीसाठी मागे राहिले होते. शेवटची खेप झाली तेव्हा विश्वजित त्यांना ओरडून म्हणाला, "ज्ञानूदा, उद्या पयली खेप तुमचीच. सकाळी म्हशीचं दावं सोडून तयार ऱ्हावा!"

विश्वजित हा आक्कांचा गावातला कार्यकर्ता. मनाने चांगला, पोहायला पट्टीचा. पण आक्का येणार म्हटले की त्याच्या अंगात वारे शिरायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप आला की मंत्री पूर बघायला येत आहेत. झाले! विश्वजितने मला घासून धुतली, कडेला झेंडूची माळ बांधली. मग शाळेतून प्लास्टिकची खुर्ची आणली, तिच्यावर टॉवेल टाकला आणि ती माझ्या पोटात मधोमध ठेवली. पाहुणा आला की खुर्ची द्यायची ही आमच्याकडची रीत आहे. घरात ती चांगलीच आहे.

"आक्का येईस्तवर कुणी काईल हलवायची न्हाय," विश्वजितने सगळ्यांना बजावले. "चिखल हुतोय आत."

आक्का सकाळीच यायच्या होत्या, पण वाटेत प्रत्येक गावाने त्यांना थांबवले. दुपार होत आली. इकडे हलगीवाले चिपाडांच्या शेकोटीवर हलगी शेकून शेकून वाजवत होते. हलगीचा कडकडाट असा की शेजारच्याचे बोलणे ऐकू येईना. काठावर म्हातारे आकारामही घोंगडे पांघरून बसले होते. त्यांनी एकदम मान वर केली.

"पलीकडनं कोण तर थाळी वाजवतंय रं."

विश्वजित हसला. "आबा, तिकडची माणसंबी आक्कांच्या स्वागताला वाजवायला लागल्यात!"

सगळ्यांना ते पटले. आनंदच झाला. हलगीवाल्यांनी तर हात आणखी सैल सोडले. आकाराम थोडा वेळ कान देऊन बसले आणि मग, आपलेच कान म्हातारे, असे म्हणून गप्प झाले.

आक्का आल्या. माझ्यातली खुर्ची बघून त्यांचा पाय अडखळला. त्या गुऱ्हाळाच्या लेक होत्या, त्यांना का कळत नव्हते?

"काईलीत खाली बसायचं असतंय की रं," त्या हळूच म्हणाल्या.

"साडी भिजंल, आक्का. आन् फोटोत मंत्री खाली बसल्यालं बरं दिसत न्हाय."

आक्कांनी कॅमेऱ्यांकडे बघितले आणि त्या खुर्चीवर बसल्या. पुढे काय झाले ते सांगायला नकोच. पाणंदीच्या मध्यावर खुर्ची घसरली, मी कलले आणि मंत्री, टॉवेल, झेंडूची माळ सगळे पाण्यात. विश्वजितने त्यांना लगेच वर काढले. कपाळाला थोडे खरचटले होते तेवढेच, पण केवढा गोंधळ! त्यांना गाडीत घालून ताफा भरधाव मुरगूडकडे गेला. हलगी आपोआप थांबली. काठावर शांतता झाली, पण तोपर्यंत पलीकडची थाळीही थांबली होती. मी पाण्याने भरून पाणंदीच्या चिखलात तशीच रुतून बसले.

विश्वजितला पहिल्या खेपेची आठवण झाली तेव्हा उन्हे कलली होती. पोरांनी मला उपसून रिकामी केली आणि आम्ही पलीकडे गेलो. धोंडुबाई दारात बसली होती. मांडीवर थाळी होती, मधोमध पोचे पडलेली. सकाळी ज्ञानू म्हशीचे दावे सोडायला गेला तेव्हा वैरणीत शिरलेला साप त्याला चावला होता. ज्ञानू आत निजला होता आणि आता उठणार नव्हता.

"किती वाजवली रं," धोंडुबाई विश्वजितला म्हणाली. तेवढेच म्हणाली.

ज्याने आयुष्यभर माझ्याखाली जाळ घातला, तो माझ्या पोटात निजून गावात आला. मला फार वाईट वाटले. वेळेत नेले असते तर तो वाचला असता का, हे डॉक्टरांनाही सांगता आले नाही. पण वेळेत नेले नाही हे सगळ्या गावाला माहीत होते.

पाणी ओसरल्यावर आक्का आल्या. गाडी वेशीवर ठेवून एकट्या चालत आल्या. धोंडुबाईच्या दारात त्या उभ्या राहिल्या. धोंडुबाईने आरडाओरडा केला नाही. ती म्हणाली, "तुमची हलगी लई मोट्यानं वाजत हुती, आक्का." लहानपणापासून जिला ती पिऊ म्हणत होती तिला त्या दिवशी पहिल्यांदा आक्का म्हणाली. त्यानंतर वर्षानुवर्षे ती तिच्याशी एक शब्द बोलली नाही.

निवडणूक आली. काहिलीतून पडतानाची चित्रफीत फोनाफोनांतून फिरत होती. विरोधकांनी तर मिरवणुकीत कढईत खुर्ची ठेवून नाचवली. आक्का पडल्या, या वेळी मतांत. मंत्रिपद गेले, फोन वाजायचा थांबला, दारातल्या चपला कमी झाल्या. आक्का कित्येक महिने घराबाहेर पडल्या नाहीत. मग एके दिवशी त्या गुऱ्हाळाच्या शेडकडे आल्या आणि माझ्या कडेवर बसल्या. आकाराम तिथेच शेंगा फोडत होते.

"आबा, मी काय करू आता?"

"मला काय इचारतीस? गुऱ्हाळावर काय शिकलीस?"

आक्कांनी माझ्या कडेवरून हात फिरवला. "लांबनं आलेला आधी."

"मग?" असे म्हणून आकारामांनी मूठभर शेंगा तिच्या पुढ्यात सारल्या.

तिथून आक्कांचे दुसरे आयुष्य सुरू झाले. त्यांनी नदीकाठची गावे पालथी घातली. बंद गुऱ्हाळांच्या मागे माझ्यासारख्या किती काहिली पडल्या होत्या, त्या शोधल्या. शिरोली एमआयडीसीतल्या कारखानदारांच्या मागे लागून काहिलींची भोके बुजवून घेतली. बायाबापड्यांना जमवून काठ सेवा संघ काढला. पुरात कोणाला आधी काढायचे, म्हाताऱ्यांना कुठे ठेवायचे, जनावरांचे काय, हे गावाने पावसाआधीच बसून ठरवायचे. मंत्रिपदात शिकलेले सगळे इथे कामाला आले. कोणत्या कचेरीत कोणत्या टेबलावर कागद अडतो ते त्यांना ठाऊक होते. संघाचे काम पंचगंगेच्या काठापर्यंत पसरले. वारणानगरहून कॉलेजची मुले ते शिकायला येऊ लागली आणि पुढे जिल्ह्यातल्या सगळ्या सेवाभावी संस्थांनी मिळून आक्कांना आपले अध्यक्ष केले. पण त्या साधुसंत झाल्या असे समजू नका. माईक हातात आला की अजून सुटत नाही आणि निमंत्रणपत्रिकेत आपले नाव कितवे आहे ते त्या हळूच बघतात.

संघाचे नियम दोनच. काहील आधी सगळ्यात लांबच्या घराला जाणार. आणि पूर असताना काठावर हलगी-ताशाचा कसलाही वाजाप नाही.

मध्यंतरी माझ्यावर मोठे गंडांतर आले. विश्वजित आता संघाचे काम करत होता. त्याने टूम काढली की मला सोनेरी रंग द्यायचा, पोटात फुलझाडे लावायची आणि आठवण म्हणून संघाच्या दारात बसवायचे. आलेले पाहुणे माझ्याजवळ फोटो काढतील. आक्कांनाही ते बरे वाटले. रंगाचे डबेसुद्धा आले. त्या दिवशी धोंडुबाई शेडमध्ये आली. दर वर्षी पावसाआधी ती यायचीच. माझ्या अंगावर बोटाची पेरे वाजवून बघायची आणि कोणाशी न बोलता निघून जायची. तिने डबे बघितले.

"ही पाण्यात पायजे," ती विश्वजितला म्हणाली. आक्का शेजारीच उभ्या होत्या, पण त्यांच्याकडे तिने बघितलेही नाही. "दारात बसवून काय करायचं हाय?"

रंगाचे डबे परत गेले. मी शिरोलीला गेले आणि नव्या रिवेटा ठोकून आले.

गेल्या पावसाळ्यात पुन्हा पाणी आले. संघाने सरकारकडे यांत्रिक बोटी मागितल्या होत्या, आणि त्या द्यायच्या की नाही ते ठरवणारे नवे मंत्री पूर बघायला आरळगावला आले. ते वेळेवर आले, हे सांगायला हवे. पण त्यांच्या कार्यकर्त्यांनी कोल्हापूरहून हलगी आणली होती. काठावर उतरताच कडकडाट सुरू झाला. विश्वजित घाबरून आक्कांकडे बघू लागला. बोटी हव्या असतील तर गप्प बसायला हवे होते.

आक्का गर्दीतून सरळ हलगीवाल्यापाशी गेल्या आणि त्यांनी हलगीवर पंजा ठेवला. वाजवणाऱ्याचा हात वेळेत थांबला नाही. टिपरी त्यांच्या बोटांवर बसली. आक्कांनी हात काढला नाही.

"पूर हाय. काठावर वाजाप न्हाय."

"अवो आक्का, मंत्री आल्यात!" एक कार्यकर्ता ओरडला.

"मंत्री मीबी हुते," आक्का म्हणाल्या. "म्हणून तर सांगतीया."

सगळे गप्प झाले. नुसता पाण्याचा आवाज येऊ लागला. आणि मग पाण्यावरून ऐकू आले. ठण्, ठण्, ठण्. अगदी बारीक, पण थाळीच. मागे उभी असलेली धोंडुबाई गर्दी सारत पाण्याच्या कडेला आली.

"मळ्याफुडची वस्ती हाय ती," ती म्हणाली. "पार शेवटचं घर."

विश्वजितने आणि आणखी एका पोहणाऱ्याने मला पाण्यात लोटले. आक्का पदर खोचून आत उतरल्या, माझ्या तळाला मांडी घालून बसल्या आणि फळीने पाणी मारू लागल्या. मंत्र्यांनी काठावरून विचारले की आपण पाहणी कशातून करायची.

"साहेब, काईलीतनंच. पण खाली बसाय लागंल," आक्का म्हणाल्या. "आन् शेवटच्या खेपंला."

शेवटच्या घराची भिंत पडली होती. एका बाईचा पाय खाली सापडून मोडला होता आणि तिची सून छातीभर पाण्यात उभी राहून थाळी वाजवत होती. दोघींना आत घेतले. येताना प्रवाह जोराचा होता, मी दोनदा गरगरले, तेव्हा आक्का पाण्यात उतरून मला ढकलू लागल्या. या वयात त्यांना ते झेपत नव्हते. आम्ही काठाला लागलो तेव्हा त्या धापा टाकत होत्या. मंत्री तोवर निघून गेले होते. बोटी अजून आलेल्या नाहीत. त्या बाईचा पाय मात्र बसला. थोडी लंगडते, पण शेतात जाते.

काठावर माणसांना चहा आणि गूळ वाटत होते. धोंडुबाई गुळाची थाळी घेऊन गर्दीतून आली. थाळी तीच, मधोमध पोचे पडलेली. चार जणांनी हात पुढे केले. तिने थाळी मागे घेतली आणि पाण्याने निथळत माझ्या कडेवर बसलेल्या आक्कांसमोर धरली.

"घे, पिऊ," ती म्हणाली. "आज तूच लांबनं आलीयास."

आक्कांनी गुळाचा खडा उचलला आणि तो खाता खाता त्या लहान मुलीसारख्या रडल्या. धोंडुबाई त्यांच्या शेजारी माझ्या कडेवर टेकली. दोघींच्या भाराने मी थोडी कलले, पण त्यांना पडू दिले नाही.

आता मी संघाच्या शेडमध्ये विटांवर पालथी असते. मृग लागायच्या आधी मला तेल लावतात. धोंडुबाई येऊन पेरे वाजवून बघते, आणि हल्ली आक्काही तिच्याबरोबर येतात. तेव्हा मित्रांनो, तुमच्या गावात कुठे एखादी काहील पडली असेल, तर तिच्यात फुलझाडे लावू नका. तिची भोके बुजवा, तिला गंज चढू देऊ नका. मी लोखंडाची आहे, माझी एवढीच मागणी. आणि मोठेपणी कधी तुमच्या स्वागताला काठावर हलगी वाजू लागली, तर आधी तिच्यावर हात ठेवा आणि कान द्या. पलीकडे कोणी थाळी वाजवत असेल.